दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

पिराजी बनसोडेनं ती तबकडी बारा वर्षं ट्रंकेत लपवून ठेवली होती. तशी लपवायची गरजही नव्हती. चोर आला असता तर त्यानंही ती उलटसुलट बघून परत ट्रंकेतच टाकली असती, कारण करंजेवाडीत तबकडी वाजवायचं यंत्र कुणाच्या बापाकडं नव्हतं. केशरी रंगाचं पाकीट, त्यावर गाडी नसलेला रेल्वेचा फलाट काढलेला आणि वर इंग्रजीत नाव, प्लॅटफॉर्म थ्री. मुंबईतल्या चार केसाळ पोरांनी त्र्याहत्तर साली ती काढली होती. तीनशे छापल्या, त्यातल्या किती खपल्या ते त्या पोरांनाच ठाऊक. आज मुंबईतसुद्धा त्या पोरांचं नाव कुणी काढत नाही, मग मुरूम-उमरग्याकडं कोण काढणार? पण तिच्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सात मिनिटं हलगी वाजते, आणि ती हलगी पिराजीची आहे.

आता यात लपवण्यासारखं काय, असं परगावच्या माणसाला वाटेल. त्याला सत्तावन्न सालात न्यावं लागेल.

त्याआधी करंजेवाडीत लग्न असो, पोळा असो, कुणी साहेब येवो, वस्तीतल्या माणसांनी हलग्या घेऊन पुढं व्हायचं. बोलावणं नसायचं, हुकूम असायचा. सत्तावन्नला वस्तीनं धम्म घेतला आणि गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली. त्या संध्याकाळी पिराजीच्या आईनं, धुरपदाबाईनं, नवऱ्याची हलगी खुंटीवरून काढली, विळ्यानं कातडं फाडलं आणि लाकडाचं कडं चुलीत सारलं. त्या जाळावर तिनं भाकरी भाजल्या. नवरा समोर बसून बघत होता. हलगी त्याच्या बापाची होती. तो दोन भाकरी खाऊन उठला. मग धुरपदाबाई वीस वर्षांच्या पिराजीकडं वळली.

"आजपस्तोर वाजीवलं त्ये वाजीवलं. आता ह्यो हात कुनाच्या दारात वाजायचा न्हाय. शब्द दे."

पिराजीनं शब्द दिला. गावानं तीन महिने वस्तीचं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, आडाचं पाणी बंद केलं. वस्तीतल्या दगडोबाच्या बापाला तर पारावर गाठून काठ्यांनी झोडपलं. पण वस्ती वाकली नाही. तेव्हापासून करंजेवाडीत वस्तीची हलगी वाजली नव्हती, आणि ही गोष्ट वस्तीतली माणसं लेकरांना सांगायची तेव्हा आवाज चढवून सांगायची.

अशा घरातला माणूस मुंबईला जाऊन हलगी वाजवून आला होता. म्हणून ट्रंक.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हाताची सालटं निघाली, तरी पोट काही भरेना. पिराजी सोलापूर गाठून मुंबईच्या गाडीत बसला. फोर्टात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडलोट करायचं आणि चहा द्यायचं काम मिळालं. तिथं ही चार पोरं आली. त्यांची गाणी म्हणजे पिराजीला आधी मांजरांची भांडणं वाटली. पण चहाची किटली घेऊन दारात उभं राहून राहून त्याला त्यातला ताल कळायला लागला, आणि एक दिवस नकळत त्याची बोटं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर चालली. गिटारवाला फेलिक्स वसईचा होता, मराठी बोलायचा. तो गिटार ठेवून उठून आला.

"हे काय वाजवतोस?"

"हलगी."

"उद्या घेऊन ये."

"आमी सोडली ती. आमी न्हाय वाजवत."

"का?"

हे 'का' पिराजीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दारातच उभं राहून सगळं सांगितलं. फेलिक्सनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग नको वाजवूस."

या एका वाक्यानं घोळ केला. आजवर वाजव म्हणणारे ढिगानं भेटले होते. नको वाजवूस म्हणून मोकळा सोडणारा हा पहिलाच. पिराजीला दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या झोपडीतल्या सोलापूरच्या माणसाची हलगी उसनी घेऊन तो स्टुडिओत हजर झाला. कातडं तापवल्याशिवाय हलगी बोलत नाही, म्हणून त्यानं कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रं पेटवली. मशिनवरचा साहेब आग आग म्हणून ओरडत आला आणि त्या पोरांनी त्याला मिठी मारून धरून ठेवला. मग पिराजीनं वाजवली. एकदाच. तबकडी छापून आली तेव्हा फेलिक्सनं त्याला एक दिली. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं: हलगी, पिराजी बनसोडे, उस्मानाबाद.

गावाकडं परतला तेव्हा त्यानं आईला स्टुडिओतलं झाडणं सांगितलं, चहा सांगितला. हलगी सांगायचं धाडस झालं नाही. आपण शब्द मोडला की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

पुढं गावात दूध सोसायटी झाली. पिराजी दहावी शिकलेला. उदगीरला जाऊन दुधाचं फॅट काढायचं शिकून आला आणि सोसायटीत लागला. आपल्या दुधाला याचा हात लागणार म्हणून पहिल्या महिन्यात चार घरांनी नाक मुरडून दूध घालणं बंद केलं. तालुक्याला घालायला जाऊन जाऊन पाय दुखले तशी मुकाट्यानं परत आली. पिराजी फॅट काढायचा ते काटेकोर. चेअरमनच्या म्हशीलाही एक पॉइंट फॅट जास्त मिळायचं नाही.

पंच्याऐंशीचा उन्हाळा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. मुरूमच्या पाशामियाँनी आपल्या लाऊडस्पीकरच्या दुकानात नवं रेकॉर्ड प्लेअर आणलं, बॅटरीवर चालणारं. हे कानावर आलं आणि पिराजीला राहवेना. उन्हानं वाकू नये म्हणून ओल्या धोतरात गुंडाळून, बारदानात घालून तो तबकडी घेऊन मुरूमला गेला.

पाशामियाँ साठीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. पाच तालुक्यांतल्या लग्नांचे कान यांच्या भोंग्यांनी किटवलेले. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"ये क्या लाया रे पिराजीभाई? कव्वाली है क्या?"

"लावून तर बघा. दुसरी बाजू, तिसरं गाणं."

सुई टेकली. आधी गिटार किंचाळली. पाशामियाँनी कानावर हात ठेवले. मग हलगी सुरू झाली आणि पिराजीचा चेहरा पडला. "ही माझी न्हाय. म्या येवढ्या घाईत कधीच न्हवतो."

पाशामियाँनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हौ, चूक मेरी! पैंतालीस की स्पीड पे रख दिया. ये तो तेहतीसवाली है."

त्यांनी कळ फिरवली. गिटार आता रडत होती, पण रडण्यात दम होता. आणि मग हलगी आली. आधी बारीक काडी नुसती खरखरत राहिली, मग उजव्या हातातलं जाड टिपरू पडलं, आणि दुकानातले भोंगे थरथरायला लागले. पिराजी स्टुलावरून उठून उभा राहिला. बारा वर्षं त्याला आठवत होतं की आपण मजेत वाजवलं. पोरं हसत होती, आपणही हसत होतो. पण आता समोर जे वाजत होतं ते मजेतलं नव्हतं. कुणीतरी संतापलेला माणूस एकेक दार ठोठावत चालला होता, आणि कुठलंही दार उघडायची वाट न बघता पुढं जात होता. हा राग आपलाच आहे, हे कळायला पिराजीला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. त्याला रडू आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

पाशामियाँनी सुई उचलली आणि तबकडी पुसून पाकिटात घातली. मग म्हणाले, "मियाँ, हा हात घेऊन तू दूध मोजतोस?"

परत ऐकायला येईन म्हणून पिराजीनं तबकडी त्यांच्याकडंच ठेवली. इथंच ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पाशामियाँचं पोट म्हणजे गळकी कासंडी. चार दिवसांनी करंजेवाडीचे चेअरमन आबाराव त्यांच्या दुकानात भोंगे ठरवायला आले. दूध थंड करायच्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं, मंत्रीसाहेब येणार होते. पाशामियाँनी अगदी भल्या मनानं, कौतुकानं, पिराजीची तबकडी त्यांच्या कानावर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध झाल्यावर आबारावांनी पिराजीला ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरी महांतप्पा कोपऱ्यात वहीत डोकं घालून बसला होता.

"पिराजी, सोमवारी मंत्रीसाहेब येत्यात. फाट्यापास्नं केंद्रापतोर मिरवणूक. तुझ्या वस्तीतल्या चार हलग्या पुढं पायजेत. आपली जुनी रीत हाय, साहेबांना दाखवू."

"वस्तीत हलग्या न्हाईत, चेअरमनसाहेब. सत्तावन्नलाच जाळल्या."

"हलग्या मी आणतो. वाजवनारा तू हाईसच."

"आमी वाजवत न्हाय."

आबाराव खुर्चीत मागं रेलले आणि हसले. त्या हसण्यातच सगळं आलं. "मुंबईत केसाळ पोरांफुडं सात मिंटं वाजीवली, तवा न्हाय शरम वाटली? तिथं चालती अन् गावाला नको?"

महांतप्पानं पेन खाली ठेवलं.

"बघ बाबा," आबाराव म्हणाले, "मला काय पडलंय? पर तुझ्या म्हातारीला ठावं हाय का? वस्तीत ती मोठ्या तोंडानं सांगत फिरती, चुलीत घातली म्हनून. सोमवारी तू हलगी घेऊन पुढं ऱ्हा, मी गप ऱ्हातो. न्हाईतर पाशाला तबकडी आनायला सांगतो अन् तिच्या दारात भोंगा लावतो. ऐकू दे तिला लेकाची करनी. अन् सोसायटीची नोकरी म्हंजे काय जहागीर न्हवं, त्येबी ध्यानात ठीव."

"नोकरी तुमची न्हाय, सोसायटीची हाय," पिराजी म्हणाला. "म्या सभासद हाय, एक्केचाळीस नंबर. काढायचं तर मीटिंग लावा, कारन लिवा, ठराव घ्या. कारन काय लिवनार? हलगी वाजीवली न्हाय म्हनून?"

महांतप्पा वहीकडं बघत म्हणाला, "असलं कारण प्रोसिडिंगात लिहिता येत नाही, साहेब. ऑडिटरला काय दाखवू?"

आबारावांनी त्याच्याकडं असं बघितलं की कुणाचीही दातखीळ बसावी. पण महांतप्पाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

नोकरीचं पिराजीनं तोंडावर मारलं, पण म्हातारीचं काय? घरापर्यंतची वाट त्याला फाट्यापर्यंतच्या वाटेएवढी लांब वाटली. धुरपदाबाई अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. सत्तरीची झाली होती, पण मान ताठ. ती मान कशाच्या जोरावर ताठ आहे हे पिराजीला ठाऊक होतं. गुपचूप तिला एकटीला सांगावं, असं एकदा मनात आलं. पण गुपचूप सांगितलेलं गावभर गेलं की ते चोरीचंच होतं. आबारावांच्या हातात होतं तरी काय? पिराजीची लपवाछपवी, तेवढीच. ती संपली की त्यांच्या हातात धुपाटणंही उरत नव्हतं.

त्यानं मुरूमला निरोप धाडला. रविवारी सकाळी भोंगा, यंत्र आणि तबकडी घेऊन या, वस्तीत लावायचाय, चेअरमनच्या हुकमानं नव्हे, माझ्या सांगण्यावरून. पाशामियाँना आपल्या जिभेनं काय केलं ते कळलं होतं. ते भाड्याचा शब्द न काढता सायकलला बॅटरी बांधून दिवस उगवायला आले, आणि आल्याआल्या पिराजीचे दोन्ही हात धरले. "माफ कर रे. मैं तो तारीफ कर रहा था."

बुद्धविहारापुढच्या लिंबाखाली वस्ती जमली. धुरपदाबाईला मध्ये बसवलं. पाशामियाँनी भोंगा लिंबाच्या फांदीला बांधला, तोंड वस्तीकडं. पिराजी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. डबा, फेलिक्स, उसनी हलगी, आबाराव काय म्हणाले ते. काही गाळलं नाही.

दगडोबा ताडकन उठला. "माझ्या बापानं पाठीवर काठ्या झेलल्या रं! अन् तू त्याच हातानं... आन वर तबकडी मिरवतूस?"

"मिरवत न्हाय. ऐकवतोय. ऐकून मग मला वाळीत टाका."

धुरपदाबाईनं नुसता हात हलवला, लाव म्हणून.

सुई टेकली. गिटार सुरू झाली तशा चार बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग हलगी आली आणि हसणं थांबलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलेना आणि पिराजीला ती सात मिनिटं एका उन्हाळ्याएवढी गेली. मध्येच ती पुटपुटली, "त्याच्या बापाचा हात." कुणाला म्हणाली कोण जाणे. हलगी थांबली, गिटार एकदा कण्हली आणि गाणं संपलं.

"पिराजी," ती म्हणाली, "उभ्यानं वाजीवलं का बसून?"

"बसून, माय. खुर्चीत."

"अन् ती पोरं?"

"खाली सतरंजीवर. माझ्या हाताकडं बघत."

"वाजव म्हनून कुनी सांगितलं?"

"न्हाय. नको वाजवूस म्हनला त्यो."

तिनं डोळे उघडले. "अन् थांब म्हनून हात कुनी वर केला?"

हा प्रश्न वस्तीतल्या जुन्या माणसांनाच कळला. सत्तावन्नच्या आधी आबारावांचे वडील लोडाला टेकून बसायचे आणि वस्तीतली माणसं पुढ्यात उभ्यानं वाजवायची. कितीही ऊन असो, बोटं फुटोत, त्यांनी हात वर केल्याशिवाय हलगी थांबवायची नाही, आणि हात वर केला की अर्ध्या टिपरूवर थांबायचं. दगडोबा मान खाली घालून ऐकत होता.

"कुनीच न्हाय, माय. दोन मिंटं वाजवायचं ठरलं हुतं. त्येंनी अडीवलं न्हाय. माझं झालं तवा म्या थांबलो."

धुरपदाबाईनं पाशामियाँकडं तोंड केलं. "भाऊ, परत लावा. अन् त्यो भोंगा गावाकडं फिरवा."

आता दगडोबाच उठला आणि लिंबावर चढला. भोंग्याचं तोंड गावाकडं झालं. गिटार किंचाळली तशी पारावरची कुत्री उठली, दारं उघडली, बाया उंबऱ्यात आल्या. हलगी सुरू झाली तोवर आबारावांची बुलेट धूळ उडवत लिंबाखाली आली होती. ते गाडीवरून उतरले. त्यांना वाटलं, आपल्याआधी पाशानंच डाव साधला आणि म्हातारी आता छाती पिटत असेल. पण म्हातारी बसली होती, वस्ती बसली होती, आणि बसा म्हणून त्यांना कुणी जागा दिली नाही.

"बंद करा!" ते ओरडले. भोंग्यापुढं त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी वडिलांसारखा हात वर केला.

सवयीनं पाशामियाँचा हात सुईकडं गेला. धुरपदाबाईनं तो मनगटाला धरला. ती उठली आणि आबारावांच्या पुढ्यात येऊन, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "हात खाली घ्या, आबाराव. त्याचं झालं की त्यो थांबंल."

आबारावांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. हलगी आणखी पाच मिनिटं वाजली.